दार कुणाचं, कुलूप कुणाचं

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! चष्मा आज जिन्यातच आडवा उभा. "बाळ व्हायच्या आत खोली सोडा." दूध उतू जायच्या आत गॅस बंद करा म्हणावं, इतक्या सहज! का म्हणून विचारलं तर म्हणतो, "खोली दोन माणसांना दिली होती. तिसऱ्याला नाही."

तिसरा अजून पोटात आहे. त्यालाही आत्तापासून नोटीस देतोस का, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

चष्मा म्हणजे आमच्या घरमालकीण मावशींचा पुतण्या. घरात, जिन्यात, अंधारात — काळा चष्मा काही उतरत नाही. मावशी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हापासून घराचा कारभार याच्याकडे. मावशींनी जाताना माझ्या बायकोचा हात धरून सांगितलं होतं — "पोरी, खुशाल राहा. या जिन्यात पोराचा आवाज ऐकून मला युगं झाली." तेच मी चष्म्याला ऐकवलं. तो म्हणाला, "लिहून दिलंय का?"

नाही दिलं. कोण लिहून घेतं मावशीकडून! आणि दुखण्यात पडलेल्या मावशींना फोन करून हे सांगायचं तरी कसं!

हिला काय सांगू? नववा लागलाय. सांगितलं नाही. नुसता खोलीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. ही म्हणाली, "बस की जरा. पायाला भिंगरी बांधून जन्मलास का तू?" बसलो, तर एक पाय हलतोच आहे. शेवटी तिनंच ही कोरी वही मांडीवर आणून टाकली. "बोलायचं नसेल तर लिही. पण फरशी झिजवू नकोस, ती मावशींची आहे."

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभर सिलिंडरं भरली. गावी आईला वाटतं मी गॅसच्या दुकानात आहे. हजारदा सांगून झालं — कुलपाचं सिलिंडर! दाराच्या जाडीत बसतं, पितळेचं, अंगठ्याएवढं. त्यात बारीक पिना आणि स्प्रिंगा. पिना बदलल्या की किल्ली बदलली. दुकानाचा मालक भारी चिकट — जुनं काढून आणलेलं सिलिंडर फेकत नाही. धुऊन, पुसून माझ्यापुढे ठेवतो. मी पिना बदलायच्या, नव्या किल्ल्या कापायच्या, की चालला परत कुणाच्या तरी दारात.

भरलेलं आणि न भरलेलं एकत्र होऊ नये म्हणून मी भरल्यावर खालच्या कडेला कानशीचा एक ओरखडा देतो. तिरका. मालक हसतो. "सही करतोस काय रे, वारा?"

वारा म्हणजे मी. हे नाव त्यानं पहिल्याच आठवड्यात ठेवलं, मी स्टुलावर टिकत नाही म्हणून. खरं नाव त्याला आठवत असेल असं वाटत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाहेरचं काम होतं. निळं दार, दुसरा मजला. घराच्या एजंटानं बोलावलेलं. किल्ली नव्हती, म्हणून मालकानं ड्रिल लावलं. सिलिंडर फुटलं, दार उघडलं. दार उघडं असल्याशिवाय जुनं निघत नाही, नवं बसत नाही, त्यामुळे आतलं दिसतंच. टेबलावर अर्धा कप चहा. दाराशी लहान मुलाचे बूट, एक उलटा पडलेला. रेडिओ चालू होता.

मी म्हटलं, "मालक, माणसं राहतात की इथं."

"आत बघू नकोस. स्क्रू बघ."

नवं बसलं. एजंटानं पैसे दिले तेव्हा मालकानं खिशातल्या किल्ल्या काढून दिल्या. हा त्याचा नियमच आहे, पैसे हातात पडेपर्यंत किल्ल्या त्याच्या खिशात. खाली उतरताना म्हणाला, "आपण कुलूप बघायचं. दाराआड कोण राहतं ते आपण विचारायचं नसतं. डॉक्टर काय आजाऱ्याला विचारतो का, तू चांगला माणूस आहेस का म्हणून?"

आत रेडिओ तसाच चालू राहिला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तो उलटा बूट डोळ्यांपुढून हलत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

हिला सगळं आधीच माहीत! मी आपला पाच दिवस तोंड शिवून. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिन्यातला शब्द न् शब्द ऐकला होता. ही म्हणाली, "मला कधी सांगणार होतास? सामान टेम्पोत चढल्यावर?"

शिंपीणबाईंनी एक गोष्ट बरी सांगितली. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी वकील बसतात, फुकट सल्ला. मी म्हटलं, फुकट वकील म्हणजे कसला असणार. ही म्हणाली, "तुझ्यासारखाच असेल, स्टुलावर न टिकणारा. जा आत्ता."

गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. वकील म्हणजे एक बाई निघाल्या, स्वेटरचं कोपर विरलेलं, बिस्किट चहात बुडवता बुडवता माझं ऐकत होत्या. बिस्किट तुटून चहात पडलं तरी माझ्याकडेच बघत होत्या. आजवर एवढं नीट माझं कुणी ऐकलेलं नाही. तोंड उघडलं ते बंदच होईना.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. भाडं कोण देतं? मी. दर महिन्याला? हो. पावती? मावशी बोटानं कॅलेंडरवर खूण करायच्या. बाई हसल्या. म्हणाल्या, "करार तोंडी असला तरी करारच असतो. तुम्ही भाडं देता, ते घेतात, म्हणजे तुम्ही भाडेकरू. घर मावशींचं आहे. पण तुम्ही राहता तोवर खोली तुमची."

मी विचारलं, "आणि बाळ?"

"बाळ होणं हा काही गुन्हा नाही. त्यापायी कुणालाच घराबाहेर काढता येत नाही."

मग एक वाक्य बोलल्या ते मी येताना रस्ताभर घोकत आलो. घर खाली करून घ्यायचं तर आधी लेखी नोटीस, मग कोर्ट, मग कोर्टाचा हुकूम. आणि कुलूप बदलायचंच झालं तर कोर्टाचा माणूस स्वतः दारात उभा पाहिजे. त्याच्याशिवाय घरमालकानं कुलूप बदललं तर तो घरमालकाचा गुन्हा.

मला घाम फुटला. बाईंना वाटलं आनंदानं. निळ्या दारात कुणी कोर्टाचा माणूस नव्हता. त्याच्या आधीही नव्हता. मी आजवर एकही बघितलेला नाही! मला वाटायचं, ज्याचं दार त्याचं कुलूप.

निघताना त्यांनी विचारलं, "कामाच्या ठिकाणी तुमची नोंद आहे ना? बायकोला बाळंतपणाचा भत्ता मिळतो. मालकानं नाव नोंदवायला हवं, तो कायदाच आहे." कुठं काम करता हेही विचारलं. मी म्हटलं, "एका दुकानात."

कसलं दुकान ते सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मालकाकडे नोंदीचं बोललो. आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाला, "तुझा हात बसू दे."

हात बसलाय हो! तुम्हीच तर शेजारच्या हार्डवेअरवाल्याला सांगता, पोरगा माझ्यापेक्षा नीट पिना भरतो म्हणून.

"नाव, पत्ता, जन्मतारीख, सतरा गोष्टी भराव्या लागतात. मग सरकारची माणसं येऊन दुकानभर नाक खुपसतात. पुढच्या महिन्यात बघू."

"मालक, पुढच्या महिन्यात बाळ येईल."

"मग त्याच्या पुढच्या."

तीन वेळा कानस हातातून पडली. मी राहतो कुठं, घरी कोण, बायको कशी आहे — या माणसानं कधी विचारलेलं नाही. विचारलं तर लिहावं लागेल ना!

११ फेब्रुवारी, बुधवार

तोंड सांभाळता आलं नाही. आज एका घरमालकाचं काम, तळमजला, खिडकीत कुंड्या, कुंड्यांतली माती ओली. म्हणजे सकाळीच कुणीतरी पाणी घातलेलं. मालक ड्रिलला टोक लावत होता. आणि मी विचारून बसलो, सरळ त्या घरमालकालाच — "कोर्टाचा माणूस कधी येणार?"

तो म्हणाला, "कोण?"

मी म्हटलं, "त्याच्याशिवाय कुलूप बदलता येत नाही. गुन्हा आहे."

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण बघायची हिंमत नव्हती. मला म्हणाला, "गाडीत जाऊन बस." बसलो. काचेतून बघितलं, तर काम झालंच. त्याला काय, मी नसलो तरी दोन हात आहेत.

परत आलो. दुकानाचं शटर वर करताना म्हणाला, "वकील व्हायचंय तुला? मग काळा कोट शिव. इथं गिऱ्हाईक मी आणतो, तेव्हा तुझ्या घरी चूल पेटते. उद्यापासून बाहेर यायचं नाही. बाक आणि तू. सिलिंडर भर, किल्ली काप, बाकी तोंडाला कुलूप."

काढून टाकलं नाही, हेच खूप. बाळ यायचंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाक. बाक. बाक. दुपारपर्यंत सात वेळा पाणी प्यायला उठलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज ही पण आली हॉलमध्ये. बाईंनी तिला स्वतःची गादीची खुर्ची दिली. मी मागच्या वेळी पोपटासारखं ऐकून आलो होतो. हिनं असे प्रश्न विचारले की माझं मलाच वाटलं, शाळा हिनं पुरी करायला हवी होती. आम्ही बाहेर असताना कुलूप बदललं तर? मी दवाखान्यात असले तर? सामान आत राहिलं तर? "सोडून गेले" असं तो म्हणाला तर?

बाई म्हणाल्या, "सामान आत आहे म्हणजे सोडून गेलेले नाहीत. दार फोडायचं नाही. हमरीतुमरी नाही. आधी मला फोन, मग पोलिसांना. त्यांना सांगायचं, कोर्टाच्या हुकुमाशिवाय आम्हाला बाहेर काढलंय. ते म्हणतील, घरगुती भानगड आहे, आपसात मिटवा. तुम्ही दारातून हलायचं नाही. फोन मला जोडून द्यायचा. हक्काच्या घरात चोरासारखं शिरायचं नाही, मालकासारखं शिरायचं."

घरी येताना ही माझी परीक्षा घेत होती. "आधी फोन कुणाला?" बाईंना. "मग?" पोलिसांना. "दार?" फोडायचं नाही. "आणि तू?" मी काय? "तू दारातून हलायचं नाही! हेच तुला जमणार नाही बघ."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा तमाशा मी बघायला हवा होता! शिंपीणबाईंनी शिलाई मशीन सोडून साग्रसंगीत करून दाखवला. चष्मा आला, दार वाजवलं. ही आधी पोट, मग स्वतः, अशी बाहेर आली. तो म्हणाला, "काय ठरलं?" ही म्हणाली, "ठरलंय की. नोटीस लेखी आणा. मग कोर्टात जा. मग कोर्टाचा माणूस घेऊन या, त्याला चहा करीन. आणि बाईमाणसाशी बोलताना तो चष्मा काढा, मला कळत नाही तुम्ही माझ्याशी बोलताय की भिंतीशी."

आणि त्यानं काढला म्हणे! शिंपीणबाई म्हणाल्या, "डोळे अगदीच साधे निघाले हो."

खूप हसलो. पण तो काही न बोलता गेला, हे मला आवडलेलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "तिला इकडं आणून सोड. परक्या ठिकाणी, कुणाच्या दारात बाळंत होणार ती?" मी म्हटलं, स्वतःच्या. आई म्हणाली, "स्वतःचं कधी झालं ते?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भांडण झालं. चूक माझीच, पण लिहितो.

कामावरून परस्पर एक खोली बघून आलो, गावाबाहेर, गोदामांच्या मागे. पाणी खालून आणायचं. पण कुणी काही विचारत नाही, पोरंबाळं चालतात. हिला म्हटलं, चल, सोडू ही कटकट.

ती कपडे वाळत घालत होती. बाळासाठी शिंपीणबाईंनी जुन्या मऊ चादरीचे लंगोट शिवून दिलेत, खोलीत दोरीवर त्यांची रांगच लावलीय. चिमटा हातात धरून म्हणाली, "तू आजवर कशाशी भांडलायस? काम आवडलं नाही, निघालास. शाळेत मास्तर ओरडले, निघालास. घरी बापाशी पटलं नाही, इतक्या लांब निघून आलास. आता हे पोर पण घेऊन निघणार का, टोपलीत घालून?"

मी म्हटलं, भांडून काय मिळणार.

"खोली मिळेल! आपलीच, आहे तीच! बाई सांगतात हक्क आहे, मी ऐकते हक्क आहे. तू ऐकतोस आणि दाराकडे बघतोस."

मी खरंच दाराकडे बघत होतो. आमच्या दाराचं कुलूप. साधंच आहे, पाच पिनांचं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये लिहितोय. नाहीतर नर्स मला हाकलून देईल, तिनं दोनदा सांगितलंय, एका जागी बसा.

सकाळी मालकानं एक जुनं सिलिंडर पुढ्यात टाकलं. "हे भरून ठेव. दोन किल्ल्या. कधीही लागेल."

"कुठं बसवायचंय?"

"बाकावरच्या माणसाला काय करायचंय?"

काही नाही. भरलं. डोकं फिरलेलं असलं की माझा हात जास्त नीट चालतो. पिना अशा बसल्या की किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. ओरखडा दिला, किल्ल्या तारेत ओवून मालकापुढे ठेवल्या. तेवढ्यात शिंपीणबाईंचा फोन. "निघ! सुरू झालंय!" मी मालकाला काय सांगितलं आठवत नाही. अॅप्रनसकट पळालो.

शिंपीणबाई तिला रिक्षात घालून माझ्या आधी पोचल्या होत्या. बॅग भरलेलीच होती. आत जाताना ही एवढंच म्हणाली, "दाराला कुलूप लावलंय. काळजी करू नकोस."

आतून आवाज येतात. कोणता तिचा, कळत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी!! पहाटे झाली. तिची मूठ माझ्या बोटाभोवती बसत नाही, अर्ध्यावरच येते. एका जागी बसून होतो, किती वेळ, ठाऊक नाही. पाय हलला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमानं लिहायचं.

दुपारी सोडलं दवाखान्यातून. शिंपीणबाई पुढे, बॅग माझ्या खांद्यावर, ही पोरीला घेऊन एकेक पायरी. दारापाशी आलो. किल्ली घातली. अर्धी गेली, अडकली. काढली, फुंकली, पुन्हा घातली. तीच तऱ्हा.

मग वाकून बघितलं.

सिलिंडर आमचं नव्हतं. पुसलेलं जुनं पितळ. आणि खालच्या कडेला तिरका ओरखडा.

माझा.

मी मंगळवारी जे भरलं ते हे. आमच्या दारासाठी! पोरगी यायच्या वेळी मी बापानं करावं तसं काही केलं असेल तर हे, तिला बाहेर ठेवायचं कुलूप अगदी लोण्यासारखं करून दिलं.

दुसरी गोष्ट लगेच डोक्यात आली, आणि ती जास्त लागली. दार उघडल्याशिवाय सिलिंडर बसत नाही. म्हणजे मालकानं दार उघडलं होतं. समोरच दोरी आहे. दोरीवर लंगोट.

हिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. "उघड," म्हणाली.

किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या बारीक आकड्यांची पिशवी माझ्या खिशात कायम असते. पाच पिना, कोणती किती ते मला पाठ. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात उघडलं असतं. हात पिशवीत गेलासुद्धा.

"उघड ना! तुझंच तर काम आहे ते!"

पिशवी परत खिशात ठेवली. म्हटलं, "आधी फोन कुणाला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग रडायला लागली, आणि रडतानाच म्हणाली, "बाईंना."

बाईंना फोन केला, मग पोलिसांना. शिंपीणबाई म्हणाल्या, चला खाली माझ्याकडे, ओली बाळंतीण आहे ती. ही म्हणाली, "माझ्या दारातून मी हलणार नाही." मग शिंपीणबाईंनी आपली शिलाईची खुर्ची वर आणली, दोन उशा आणल्या, दार अडवून तिला बसवलं. मी पायरीवर बसलो. बसून राहिलो! हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढे कुणाला खरं वाटणार नाही.

पोलिसाच्या आधी चष्माच आला. "मला वाटलं तुम्ही सोडून गेलात. बॅग घेऊन जाताना लोकांनी बघितलं." ही म्हणाली, "बॅगेतून हिला आणायला गेले होते," आणि पोरीचं तोंड उघडं करून दाखवलं.

पोलीस आला. पहिलंच वाक्य, "घरगुती भानगड दिसतेय, आपसात मिटवा की." बाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच, शब्दाला शब्द! मला हसू फुटणार होतं. फोन त्याच्या हातात दिला. वकीलबाई तिकडून काय बोलल्या ऐकू आलं नाही, पण हा हळूहळू ताठ उभा राहिला. फोन परत देऊन चष्म्याला म्हणाला, "कोर्टाचा हुकूम दाखवा."

"नाही."

"मग दार उघडा."

चष्म्याकडे किल्लीच नव्हती! पैसे द्यायचे राहिले होते, म्हणून किल्ल्या दुकानवाल्याच्या खिशात. त्यानं फोन लावला. मी पायरीवर बसून जिन्याकडे बघत होतो. कोण येणार ते त्या सगळ्यांत मला एकट्यालाच माहीत होतं.

मालक धापा टाकत वर आला. आधी पोलीस दिसला, मग चष्मा, मग खुर्चीत ही आणि पोर. शेवटी मी. जिन्याच्या कठड्याला धरून तो उभाच राहिला.

"वारा?"

मी पायरीवर सरकून त्याला जागा दिली.

"तू इथं राहतोस?"

पोलीस म्हणाला, "कुलूप तुम्ही बसवलं?"

"मी बसवलं."

"आत सामान होतं. दिसलं नाही?"

मला वाटलं, आता म्हणेल मी स्क्रू बघत होतो. माझी नजर त्याच्यावर, त्याची खाली फरशीवर. चष्म्यानं मध्येच तोंड घातलं, "रिकामीच होती हो खोली, नाही का?"

मालक म्हणाला, "लंगोट दिसले."

पोलिसानं लिहून घेतलं. चष्म्याला उद्या ठाण्यावर बोलावलंय, मालकालाही. मालकानं खिशातून तार काढली, माझ्याच हातानं ओवलेली, आणि दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. पैशांचं बोलला नाही. खाली जाताना त्याचे पाय जिन्यावर फार हळू वाजत होते.

दार मी उघडलं. किल्ली लोण्यासारखी फिरली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वकीलबाईंकडे गेलो. या वेळी दुकान कसलं ते सांगितलं. निळं दार सांगितलं, कुंड्यांचं घर सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. म्हणाल्या, "ती माणसं शोधता येतील. तुम्ही दारं दाखवाल?" मी हो म्हटलं. नोकरी गेलीच आहे, असं धरून चाललोय. मंगळवारपासून कामावर गेलो नाही, तिकडून फोनही नाही.

घरी आलो तर ही म्हणाली, "मावशींचा फोन होता. पोरीचा आवाज ऐकवला. रडल्या."

२ मार्च, सोमवार

माझी कानस आणि चिमटा आणायला दुकानात गेलो. मालक बाकावर बसला होता, माझ्या स्टुलावर. पुढ्यात नोंदीचं रजिस्टर, कोरं, पहिलं पान. फोन वाजत होता, त्यानं उचलला नाही.

"पूर्ण नाव सांग."

सांगितलं. एकेक अक्षर विचारून लिहिलं.

"पत्ता?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे."

त्यानं मान वर केली नाही. न विचारता लिहिला.